कावीळ उतरते आहे

मामांची हयात न्यायशास्त्र शिकवण्यात गेली. भाची कॅन्सरच्या रुग्णालयात डॉक्टर आहे. दोघं भेटले की बोलणं वादावर येतंच. त्यातला हा एक वाद, रुग्णाची ओळख कळू नये एवढा बदल करून.

भाची : मामा, एक पेशंट आहे माझी. साठी ओलांडलेली, शेतकरी घरातली. डोळे पिवळे दिसायला लागले म्हणून घरच्यांनी आधी गावात कावीळ उतरवणाऱ्याकडे नेलं, मग तालुक्याला, मग आमच्याकडे. स्वादुपिंडात गाठ निघाली, यकृतापर्यंत पसरलेली. पित्ताची वाट अडली होती, तिथे स्टेंट टाकला, त्यामुळे पिवळेपणा ओसरतोय. मूळ आजाराला मात्र आता इलाज नाही. काही महिने आहेत. काल थोरल्या मुलानं मला व्हरांड्यात गाठलं. म्हणाला, "मॅडम, आईला कॅन्सर कळता कामा नये, हाय खाईल ती. कावीळ आहे आणि उतरते आहे, एवढंच सांगा. यात खोटं तर काही नाही ना?"

मामा : आणि खरोखरच खोटं नाही.

भाची : म्हणून तर झोप उडाली. कावीळ आहे, हे खरं. उतरते आहे, हेही खरं. रक्ताचे रिपोर्ट तेच सांगतात. तरी ते वाक्य तिच्यासमोर उच्चारायला जीभ वळत नाही. का वळू नये, ते तुम्ही सांगा.

मामा : युधिष्ठिराचंही वाक्य खरंच होतं. माळव्याच्या इंद्रवर्म्याचा अश्वत्थामा नावाचा हत्ती भीमानं मारलेलाच होता. द्रोणांनी विचारल्यावर युधिष्ठिरानं अश्वत्थामा मेल्याचं स्पष्ट सांगितलं आणि हत्तीचा उल्लेख ऐकू येणार नाही असा केला. जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ त्याच क्षणी खाली टेकला.

भाची : रथ टेकला हा शिक्षेचा भाग झाला, मामा. मला गुन्ह्याचं कलम हवंय. वाक्य खरं असेल तर दोष नेमका कुठे आहे?

मामा : ते कलम योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात सापडतं. दुसऱ्या पादाच्या तिसाव्या सूत्रात अहिंसा, सत्य वगैरे यम आले आहेत. भाष्यकार म्हणतात, आपण बोलतो ते आपल्याला झालेला बोध दुसऱ्याकडे जावा म्हणून. ती वाणी फसवणारी, भ्रमातून आलेली किंवा ऐकणाऱ्याच्या पदरात काहीच न टाकणारी असेल, तर ते सत्य नाही. त्यावर वाचस्पती मिश्रांनी उदाहरण दिलं आहे ते युधिष्ठिराचंच. हत्ती मेला हा त्याचा बोध. द्रोणांकडे काय गेलं? मुलगा मेला, हा. जे एकाकडे होतं ते दुसऱ्याकडे पोचलंच नाही, भलतंच पोचलं. तुझ्या पेशंटचं तसंच होईल. तुझा बोध, ही बाई काही महिन्यांची सोबती आहे. तिच्याकडे जाईल तो, मी बरी होते आहे.

भाची : पाश्चात्त्य नीतिशास्त्रात खोटं बोलणं आणि दिशाभूल करणं यांत फरक करतात. खोटं बोलणारा खोटं विधान करतो, दिशाभूल करणारा खरं विधान करून चुकीचा निष्कर्ष तुम्हाला काढू देतो. दुसऱ्याचा दोष कमी धरला जातो. कांटनं स्वतः तेच केलं होतं, हे तुम्हाला ठाऊक आहे?

मामा : सांग की.

भाची : १७९४ साली प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक विल्यम यानं धर्मावरच्या लिखाणाबद्दल कांटची कानउघाडणी केली. कांटनं उत्तर पाठवलं की, महाराजांचा एकनिष्ठ प्रजाजन या नात्यानं मी यापुढे धर्मावर जाहीरपणे काही मांडणार नाही. राजाला वाटलं, विषय मिटला. १७९७ च्या नोव्हेंबरात राजा वारला आणि पुढच्याच वर्षी कांटनं धर्मावरचं लेखन छापलं. प्रस्तावनेत खुलासाही केला की 'महाराजांचा' हा शब्द आपण जाणूनबुजून निवडला होता, म्हणजे वचन त्या राजाच्या हयातीपुरतंच राहील. आणि हाच कांट १७९७ मध्ये लिहितो की तुमच्या घरात लपलेल्या मित्राला मारायला आलेल्या खुन्याशीही खोटं बोलता येणार नाही!

मामा : त्या राजासमोर तो काय करणार होता, ते आपण सोडून देऊ. सत्तर वर्षांचा म्हातारा प्राध्यापक आणि समोर राजाज्ञा. पण यातून त्याचं सत्य कुठे राहतं ते दिसतं. ते वाक्यात राहतं. वाक्य निर्मळ ठेवलं की माणूस सुटला. व्यासभाष्याच्या हिशेबानं राजाकडे काय पोचलं ते पाहावं लागेल, आणि तिथे कांट युधिष्ठिराच्या शेजारी उभा राहील.

भाची : म्हणजे आपली परंपरा कांटपेक्षा कडक?

मामा : या एका बाबतीत, हो. आणि त्याचं मूळ नीतीच्याही खाली आहे. सत्यता कशाची असते, हा प्रश्न घे. बोल्झानोनं १८३७ मध्ये मांडलं की विधान हे कुणी मनात आणो न आणो, स्वतःच असतं आणि स्वतःच खरं-खोटं असतं. पुढे फ्रेगे त्याच वाटेनं गेला. न्यायदर्शनाच्या अभ्यासकाला, म्हणजे नैयायिकाला, असं हवेत तरंगणारं खरेपण ओळखीचं नाही. तो म्हणतो, खरं असतं ते ज्ञान, आणि ज्ञान नेहमी कुणाचं तरी असतं. १९८३ साली मे. पुं. रेगे, दया कृष्ण वगैरे मंडळींनी पुण्यात इंग्रजीत तत्त्वज्ञान शिकलेले प्राध्यापक आणि संस्कृत पंडित यांना समोरासमोर बसवलं होतं. चर्चेला घेतली रसेलची विधानाची कल्पना. इतक्या मूलभूत गोष्टीवर दोन परंपरांनी एकमेकींची उलटतपासणी करावी, असं आपल्याकडे फार थोड्या वेळा घडलंय.

भाची : ते पंडितांपुरतं ठीक आहे. माझ्या वॉर्डात त्यानं काय बदलतं?

मामा : सगळं बदलतं. खरेपण विधानाचं असेल, तर तू खरं विधान उच्चारून मोकळी. खरेपण ज्ञानाचं असेल, तर ती बाई काय समजली ते बघेपर्यंत तुझं काम संपत नाही.

वाद थोडा थांबवून इथे मला, लिहिणाऱ्याला, एक गोष्ट सांगावीशी वाटते. मराठी वाचकाला हा पेच नवा नाही. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्याचं दुसरंच प्रकरण 'कर्मजिज्ञासा' आहे, आणि त्यात सत्याच्या अपवादांची सविस्तर चर्चा आहे. सिज्विकसारखे इंग्रज नीतिशास्त्रज्ञ लहान मुलं, वेडे, आजारी माणसं यांच्याशी खोटं बोलण्याला मोकळीक देतात, हे टिळक दाखवतात, आणि आपल्या शास्त्रकारांनी धर्मराजालाही सोडलं नाही याची आठवण देतात. आजारी माणूस त्या यादीत लहान मुलाच्या आणि वेड्याच्या पंगतीला बसलेला आहे. मला ती पंगत पटत नाही. आजारानं माणसाची ताकद जाते, समज जात नाही. पश्चिमेत सत्य सांगतात आणि आपण लपवतो, हेही तितकंसं खरं नाही. अमेरिकेत १९६१ साली डॉक्टरांची पाहणी झाली, तेव्हा दहातले नऊ जण कॅन्सरचं निदान रुग्णाला न सांगण्याच्या बाजूचे होते. १९७९ पर्यंत चित्र पार उलटलं आणि ९७ टक्के सांगण्याच्या बाजूला आले. अठरा वर्षांत संस्कृती बदलत नाही, रुग्णाकडे बघण्याची नजर बदलू शकते.

भाची : मुलांची बाजू मी मांडते, कारण ती मांडायला इथे कुणी नाही. ती माणसं वाईट नाहीत. आईसाठी कर्ज काढलंय. धाकटा वॉर्डाबाहेर सतरंजी टाकून झोपतो. आणि त्यांच्या बाजूनं महाभारतच आहे. कर्णपर्वातला कौशिक.

मामा : बरोबर ठिकाणी बोट ठेवलंस. युधिष्ठिर गांडीव दुसऱ्याला दे म्हणाला आणि असं म्हणणाऱ्याला मारण्याची प्रतिज्ञा केलेला अर्जुन थोरल्या भावावर तलवार उपसून धावला. तेव्हा कृष्णानं त्याला ती गोष्ट सांगितली. नद्यांच्या संगमावर राहणारा, फारसं शास्त्र न शिकलेला तपस्वी. नेहमी खरंच बोलायचं, हे व्रत. चोरांच्या भयानं काही माणसं रानात लपली. चोरांनी येऊन विचारलं आणि यानं जागा दाखवली. ती माणसं मेली आणि कौशिक नरकात गेला.

भाची : मग? सत्य सांगून माणूस मरत असेल तर सांगू नये, हेच ना? मुलगा म्हणतो, हाय खाईल. हाय खाऊन माणसं लवकर जातात, असं सगळं गाव मानतं.

मामा : कौशिकाला विचारणारा कोण होता?

भाची : चोर.

मामा : आणि जीव कुणाचा जाणार होता?

भाची : लपलेल्यांचा.

मामा : तुझ्याकडे विचारणारी कोण आणि जीव कुणाचा?

भाची : दोन्ही तीच.

मामा : तर मग कौशिक मुलांच्या कामाचा नाही. कांटला ज्याच्याविरुद्ध लिहावं लागलं त्या बेंजामिन कॉन्स्टंटचं म्हणणं होतं की सत्य सांगण्याचं कर्तव्य ज्याला त्या सत्यावर हक्क आहे त्याच्यापुरतंच असतं. चोराला दुसऱ्याच्या जिवाच्या ठावठिकाण्यावर हक्क नाही. या बाईला स्वतःच्या मरणावर नसेल तर कुणाला असेल? दाराशी आलेल्या खुन्यावरून कांट आणि कॉन्स्टंट भांडले. तुझ्या वॉर्डात ते दोघे एका बाजूला येतात.

भाची : इथे मला अडचण आहे. 'तिचं मरण' असं आपण म्हणतो तेव्हा एकटी, सुटी व्यक्ती गृहीत धरतो. आपल्याकडे माणूस तसा जगत नाही. तिची जमीन कुटुंबाची, आजार कुटुंबाचा, निर्णय कुटुंबाचा. मुलांना कळलं म्हणजे घराला कळलं. व्यक्तिस्वातंत्र्य ही बाहेरून आलेली गोष्ट आहे, असं आमच्याकडचे काही ज्येष्ठही म्हणतात. नियमही मोघम आहेत. भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ चे नियम सांगतात की आजाराचं गांभीर्य डॉक्टरनं वाढवूनही सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये. पण ते कुणाला सांगायचं? रुग्णाला, नातेवाइकांना किंवा जबाबदार मित्रांना. झालं, दार उघडं. २००८ च्या एका निकालात मात्र सर्वोच्च न्यायालयानं ठामपणे म्हटलं की सज्ञान रुग्णाच्या ऐवजी तिच्या आईनं दिलेली संमती चालणार नाही. त्यात मुलगी होती आणि संमती आईनं दिलेली. माझ्याकडे आई आहे आणि बोलताहेत मुलं.

मामा : बाहेरून आलेल्या गोष्टी सोडून दे. गौतमाच्या न्यायसूत्रांत जा. इच्छा, द्वेष, प्रयत्न, सुख, दुःख, ज्ञान या खुणांवरून आत्मा ओळखायचा. हे आत्म्याचे गुण, आणि प्रत्येक शरीरातला आत्मा वेगळा. मुलाच्या आत्म्यातलं ज्ञान आईच्या आत्म्यात आपोआप उतरत नाही, कितीही माया असली तरी. घराला कळलं, असं आपण बोलतो, पण घराला आत्मा नाही. कळतं ते एकेका माणसाला. यासाठी कांटकडे जायची गरजच नाही, अक्षपाद गौतम पुरे.

भाची : अद्वैती म्हणेल, आत्मा एकच.

मामा : म्हणू दे. अद्वैतीही व्यवहारात थोरल्याच्या पोटात अन्न घालून धाकट्याची भूक भागवत नाही. आणि नैयायिक पुढे जे सांगतो ते तुझ्या जास्त उपयोगाचं आहे. आधी जाणणं, त्यातून इच्छा, इच्छेतून प्रयत्न. ही साखळी पहिल्या कडीशीच तोडली की पुढचं काही होत नाही. जे ठाऊक नाही त्याच्या संदर्भात माणूस काही इच्छू शकत नाही, काही करू शकत नाही. या बाईला काही करायचं राहिलंय का? विचारलंस कधी?

भाची : तिनं सिस्टरला सांगितलंय. तिच्या स्वतःच्या नावावर थोडी जमीन आहे, सातबारा तिच्या एकटीचा. मुलीचं सासरी काही बरं नाही. त्यातली दीड एकर मुलीच्या नावावर करायची आहे. म्हणाली, बरी झाले की तालुक्याला जाईन, बक्षीसपत्र करून टाकीन. घाई कशाची!

मामा : "घाई कशाची" असं ती म्हणाली?

भाची : हो.

मामा : मग कावीळ उतरते आहे हे तुमचं वाक्य त्या दीड एकराचा निकाल लावणार आहे. मुलांच्या मनात तसं नसेलही. पण त्या वाक्याचं काम तेच होणार.

भाची : मला वाटत नाही त्यांच्या मनात तसं आहे. त्यांना मुलीच्या जमिनीचं माहीत असेल असंही वाटत नाही. पण आता तुम्ही माझं ऐका, कारण इथवर सगळं तुमच्या बाजूनं सरळ चाललंय आणि माझा पेच अजून पुढेच आहे. थोरला जाताना म्हणाला, "तुम्ही सांगितलंत तर आम्ही आईला घरी घेऊन जाऊ." तो नेईल, मामा. असे पेशंट मी गेलेले पाहिलेत. या आजाराचं दुखणं पाठीत जातं, रात्र रात्र बसून काढावी लागते. त्याला मॉर्फिन लागतं. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानं ते मिळणं इतकं अवघड करून ठेवलं होतं की २०१४ मध्ये कायदा बदलला तरी अजून ते सगळीकडे पोचलेलं नाही. त्यांच्या तालुक्याला मिळत नाही, मी चौकशी केली. म्हणजे मी सत्य सांगायचं आणि त्याची किंमत तिनं वेदनेत मोजायची. आता सांगा, कौशिक खरंच बाद झाला का?

मामा : (बराच वेळ थांबून) नाही. तो परत आला.

भाची : व्यासभाष्याचं अर्धंच तुम्ही सांगितलंत. मी वाचलंय ते. बोध पोचला पाहिजे, हे एक. पण ती वाणी प्राणिमात्रांच्या भल्यासाठी असली पाहिजे. तिनं घात होत असेल तर ते पुण्यासारखं दिसणारं पाप, नीट पारखून बोलावं, असं पुढे आहे. थोरला मुलगा तेच म्हणतोय.

मामा : पारखायचं कुणी, एवढंच तो विसरतोय. तिचं भलं कशात, हे ठरवताना तिच्या इच्छा मोजायला हव्यात, आणि त्या तिच्याशी बोलल्याशिवाय कळत नाहीत. कमी दिवस पण मुलीची सोय, की जास्त दिवस आणि अंधार, हे तू कसं पारखणार? मुलानं तरी कसं? मात्र वेदनेचं म्हणतेस ते मी उडवून लावत नाही. कांट म्हणेल, दोन कर्तव्यांची टक्कर होऊच शकत नाही. त्याच्या १७९७ च्याच नीतिग्रंथात तसं आहे. दोन्ही करायलाच हवं आणि दोन्ही मिळून करता येत नाही, असं असेल तर त्यातलं एक मुळात कर्तव्यच नव्हतं. तर्काला ते सोयीचं आहे. उभयतोपाश सुटतो, हातात एक उत्तर राहतं आणि दुसरं पुसलं जातं.

भाची : बर्नर्ड विल्यम्सनं १९६५ च्या निबंधात यालाच हरकत घेतली आहे. माझ्या दोन समजुती एकमेकींच्या विरुद्ध निघाल्या तर त्यातली एक खोटी ठरते आणि मी ती टाकते. टाकताना वाईट वाटायचं कारण नाही. कर्तव्यांचं तसं होत नाही. जे करता आलं नाही ते बाकी राहतं, सलत राहतं, आणि त्या सलण्यात काहीही चुकीचं नाही.

मामा : महाभारत हेच सांगतं. द्रोणांना थांबवलं नाही तर सैन्य उरत नाही, हे कृष्णाचं गणित चूक होतं असं व्यास कुठे म्हणत नाहीत. युद्ध जिंकलं, राज्य झालं, सगळं झालं. तरी शेवटी स्वर्गारोहणपर्वात युधिष्ठिराला नरक पाहावा लागतो. इंद्र कारणही सांगतो, तू द्रोणांना कपटानं फसवलंस म्हणून तुलाही कपटानंच नरक दाखवला. निर्णय बरोबर आणि बाकी कायम, दोन्ही एकाच वेळी. त्या ग्रंथाचा मोठेपणा मला इथे वाटतो.

भाची : म्हणजे मी काहीही केलं तरी रथ टेकणारच.

मामा : टेकेल. फक्त तिचा नको, तुझा टेकू दे.

भाची : हे बोलायला सोपं आहे, मामा. उद्या सकाळी मला तिथे उभं राहायचंय.

मामा : खरं आहे. तर सकाळचं बोलू. तू काय ठरवलंयस?

भाची : आधी दोन्ही मुलांना बसवणार, चहा मागवून, घाई न करता. त्यांना विचारणार, आईला पुढे दुखायला लागलं आणि तिनं तुम्हाला विचारलं, कावीळ तर उतरली, मग हे काय, तर काय सांगाल? त्याचं उत्तर बहुतेकांकडे नसतं. लपवताना पुढच्या दोन महिन्यांचं खोटं कुणी योजलेलं नसतं. मग सांगणार की आपणहून मी विषय काढणार नाही, पण तिनं विचारलं तर खोटं बोलणार नाही, आणि खरं बोलून खोटंही पोचवणार नाही. मॉर्फिनचं काय ते तुम्ही घरी नेलंत तरी मी इथून बघेन, दर पंधरा दिवसांनी कुणीतरी येऊन घेऊन जावं. म्हणजे धमकीतला घातकी भाग तरी निघेल.

मामा : चांगलं आहे. एक छिद्र आहे त्यात. "तिनं विचारलं तर", हे. आपण न विचारलेल्याचं उत्तर देत नाही, एवढीच पळवाट कांटनंही खुली ठेवली होती, टाळता न येणाऱ्या उत्तरांपुरतंच खरेपण. तिनं आजवर विचारलं नाही का?

भाची : परवा विचारलं, दिवाळीनंतरच्या वेचणीला घरी जाईन ना, म्हणून. कापूस आहे त्यांचा. मी म्हटलं, आधी ताकद येऊ दे.

मामा : तो प्रश्न होता.

भाची : कदाचित. कदाचित तो आशेचा शब्द होता आणि तिला उत्तर नको होतं. काही माणसांना खरंच जाणून घ्यायचं नसतं, मामा, आणि न विचारता कानात ओतलेलं सत्यही मारहाणच असते. मुलगा म्हणतो म्हणून मी लपवणार नाही, तसं कांट म्हणतो म्हणून तिच्यावर आदळणारही नाही. तिलाच विचारीन, आजाराबद्दल तुम्हाला किती सांगू? सगळं, थोडं, की तुमच्या वतीनं दुसऱ्या कुणाला? ती "मुलांना सांगा" म्हणाली तर तेही तिचंच उत्तर.

मामा : असं विचारणं म्हणजे निम्मं सांगणं झालं. कावीळवाल्याला असं कुणी विचारत नाही.

भाची : ठाऊक आहे. पण उरलेलं निम्मं घ्यायचं की नाही, ते तिच्या हातात राहील.

मामा : आणि मुलीला बोलवणार का? दीड एकर तिची आहे.

भाची : भावांनी तिलाही कावीळच सांगितली आहे. तिला बोलवायचं तर आधी आईशी बोलावं लागेल, आणि मुलीला का बोलावताय, असं आई विचारेल.

मामा : विचारू दे. मग तरी म्हणशील ना, की तिनं विचारलं?